अकरा तोंडे बुजवल्याबद्दल

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, नगरपालिकेच्या उद्यान विभागातून अधीक्षक म्हणून निवृत्त, हे मृत्युपत्र अक्कलहुशारीने आणि स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणी दाब आणलेला नाही. दाब आणण्याइतके जवळ हल्ली कोणी फिरकतही नाही. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे, तो सोबत जोडला आहे. हृदयाबद्दल त्यांनी असा काही दाखला दिलेला नाही. ओसरीपासून फाटकापर्यंत गेले की मला दोनदा थांबावे लागते, तेव्हा हे काम पुढे ढकलण्यात अर्थ नाही.

याआधी मी दोन मृत्युपत्रे केली होती. दोन्हींत खोटे असे एक अक्षर नव्हते आणि मुख्य गोष्ट तेवढी वगळलेली होती. ती दोन्ही मी रद्द करत आहे.

कलम १. माझ्या नावाने कुठेही फलक, कोनशिला किंवा कमान लावू नये. बाक ठेवायचाच असेल तर बिननावाचा ठेवावा, आणि सावलीत ठेवावा. उन्हात तापणारे बाक या शहरात पुष्कळ झाले.

कलम २. वरच्या आळीतले माझे राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि ओसरी, गळक्या छपरासह माझ्या भाचीला मिळावे. ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. दहा वर्षांची असल्यापासून ती याच घरात वाढली. आज ती एकोणतीस वर्षांची आहे आणि शिलाईचे दुकान चालवते. दुकान दुसऱ्या मजल्यावर आहे. तळमजल्यावरची जागा निम्म्या भाड्यात मिळत होती, पण तिने ती आत जाऊन पाहिलीसुद्धा नाही.

घरामागची मोकळी जागा, चाळीस पावले लांब आणि तीस पावले रुंद, मात्र तिला नाही. ती आळीला द्यावी. ही जागा मी निवृत्तीनंतर कमरेइतकी खोल करून घेतली आहे. पाऊस झाला की शेजारच्या पाच छपरांचे पाणी तिच्यात येते, गुडघाभर साचते आणि दीड दिवसात जमिनीत मुरते. काठाला वाळा आहे, त्याच्या मुळ्या माती धरून ठेवतात. मध्ये लव्हाळे आणि पाणकणीस आहे, कोपऱ्यात वाळुंज आहे. एरवी ती कोरडीच असते आणि वाळुंजाखाली चार माणसे निवांत बसू शकतात. कोणी बसत नाही ही गोष्ट वेगळी. बेडूक ओरडतात म्हणून माझ्याविरुद्ध तीन तक्रारी झालेल्या आहेत.

कलम ३. हत्यारे. दोन्ही विळे, मोठी कात्री, खुरपी आणि पाणी भरून उंच-सखल पाहायची पारदर्शक नळी ही पुढे ज्याचा उल्लेख येईल त्या गवंड्याला द्यावीत. रबरी बूट फाटके आहेत, ते फेकावेत.

डाव्या हाताच्या शेजाऱ्याने आपले सगळे अंगण फरशीने बुजवले आणि त्यावरचे पाणी बावीस वर्षे माझ्या भिंतीला सोडले. त्याला मी माझी लोखंडी पहार देते. तिचे काय करायचे हे त्याला समजेल. समजले नाही तर तिला टेकून विचार करावा.

माझ्या वेळच्या मोठ्या साहेबांना मी काही देत नाही. ‘बाई, बाग अशी हवी की बघणाऱ्याला इस्त्री केल्यासारखी वाटली पाहिजे,’ असे ते म्हणायचे. मी ते ऐकले. हा दोष त्यांचा कमी आणि माझा जास्त.

कलम ४. बँकेत जे काही शिल्लक असेल ते मागच्या जागेच्या देखभालीला लावावे.

कलम ५. देखभाल कशी करावी, किंवा खरे तर काय करू नये, ते लिहिते. लव्हाळे वर्षातून एकदाच कापावेत, तेही अर्धेच. पाणी आत येते त्या वाटेवर माती, पाने, कचरा साठतो, तो दर पंधरा दिवसांनी काढावा. तळाला फरशी, वाळूचा थर किंवा हिरवळ घालू नये. चिखल दिसला म्हणून कोणी नाक मुरडले तर मुरडू द्यावे. पाहुणे येणार म्हणून काहीही, पुन्हा लिहिते, काहीही बुजवू नये.

कलम ६. आता मुख्य गोष्ट.

सत्तावीस वर्षांपूर्वी खालच्या आळीत दर पावसात घरांत पाणी शिरायचे. आळीच्या वरच्या अंगाला एक पडीक मैदान होते. ते पुरुषभर खोल करून त्याला उतार द्यावा, रस्त्याचे पाणी गटारात न घालता त्यात वळवावे, ही कल्पना माझी. रस्त्याच्या कडेच्या दगडात अकरा ठिकाणी हातभर रुंद तोंडे ठेवली होती. उतारावरून धावत येणारे पाणी या तोंडांतून मैदानात उतरायचे, लव्हाळ्यांतून संथ व्हायचे आणि मुरून जायचे. कागदोपत्री नाव लांबलचक होते. लोक त्याला खळगा म्हणायचे. रस्त्याकडेच्या झाडांच्या बुंध्याभोवतीची आळीही आम्ही खोल आणि उघडी ठेवली होती, तीही पाणी पीत. आठ वर्षे खालच्या आळीत एकाही घराचा उंबरा भिजला नाही. पाऊस नसला की मुले तळाशी चेंडू खेळत, काठावर म्हातारी माणसे बसत आणि भर दुपारी तिथे आजूबाजूपेक्षा गार वाटे. मी तिथे रोज जायची. मला त्या जागेचा फार अभिमान होता, आणि तोच पुढे माझ्या अंगाशी आला.

ती तोंडे बांधली होती आमच्या खात्यातल्या गवंड्याने. त्याला सगळे ओळंबा म्हणायचे, कारण भिंत असो, खुर्ची असो की साहेब असो, वाकडे असेल तर तो बोलून दाखवायचा. त्याच्या पाठीमागे मीही हाच शब्द वापरत असे. समोर मात्र मिस्त्री म्हणायची.

नवव्या वर्षी बाहेरच्या शहरांची एक समिती खळगा पाहायला येणार असे कळले. मी हरखून गेले. काठावरचे लव्हाळे उपटून तिथे हिरवळ लावली. पण दोन सरी आल्या आणि तोंडांतून प्लॅस्टिक, ऑइल, चिखल सगळे त्या हिरवळीवर पसरले. मी मिस्त्रींना बोलावले. आमचे बोलणे जसे झाले तसे लिहिते, कारण ते मी दुसऱ्या कोणाला कधी सांगितलेले नाही.

“मिस्त्री, ही तोंडं आठ दिवसांपुरती बुजवून टाका.”

“बाई, आभाळ बघितलंत का?”

“आठ दिवसांचा तर प्रश्न आहे. समिती गेली की उघडायची.”

“मग तसं लिहून द्या.”

“वीस वर्षं सोबत काम करतोय आपण. आता चिठ्ठी मागता माझ्याकडे?”

ते विटा आणायला गेले. चुना कमी घालून कच्चा माल केला, म्हणजे हातोड्याच्या दोन घावांत निघेल असा.

समिती आली, वाहवा करून गेली. आठ दिवस झाले. मिस्त्री विचारायला आले. मी म्हटले, “पुस्तिकेचे फोटो होऊ देत, हिरवळ काय सुरेख दिसतेय.” दहाव्या दिवशी ते पुन्हा आले. मी चिडले. तेराव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर पाऊस सुरू झाला आणि तीन तास थांबला नाही. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला छापखान्यात बसून फोटो निवडत होते.

मिस्त्री कोणी न सांगता हातोडा घेऊन रस्त्यावर उतरले. पाणी कमरेपर्यंत येईतो त्यांनी तीन तोंडे फोडली. बाकीच्या आठांवरून पाणी तसेच खाली गेले. एवढा मोठा खळगा जवळजवळ रिकामा पडून होता आणि त्याच्यापासून दोनशे पावलांवर आळी बुडत होती.

आळीतले दोघे गेले. एक म्हातारा घड्याळजी, आणि माझी धाकटी बहीण. तळघरात तिचे शिलाईचे दुकान होते. कामाच्या दोन मुलींना तिने वर पाठवले आणि गिऱ्हाइकांचे कपडे काढायला ती परत आत गेली. दार बाहेरच्या बाजूला उघडणारे होते. जिन्यावरून उतरलेल्या पाण्याने ते दाबून धरले. तिची मुलगी त्या वेळी शाळेत होती.

कलम ७. चौकशी झाली. तीन माणसे लांब टेबलामागे बसली होती. बहिणीला जाऊन बारा दिवस झाले होते, म्हणून ते माझ्याशी फार हळू आवाजात बोलत होते. मधल्याने विचारले, “तोंडं बुजवायचा हुकूम तुम्ही दिला होता का?”

मी म्हणाले, “अशी कुठेही नोंद नाही.”

हे खरे होते. त्यांनी ते उतरवून घेतले आणि मी खाली सही केली. मिस्त्री बाहेरच्या बाकावर तीन दिवस बसून होते. त्यांना कोणी आत बोलावले नाही. तिसऱ्या दिवशी शिपायाने येऊन सांगितले, जा आता. सगळे खापर त्यांच्या डोक्यावर फुटले आणि ते नोकरीवरून गेले.

अहवालात आणखी एक वाक्य होते: अशी खोल मैदाने वस्तीजवळ धोक्याची असतात. त्या एका वाक्यावर पुढच्या सहा खळग्यांचे काम थांबले. दोन अर्धे खणले होते, ते भरून टाकले. आमच्या खळग्यावर सिमेंट ओतून गाड्या लावायची जागा केली. झाडांच्या आळ्यांवर फरशा आल्या, झाडे पाच-सहा वर्षांत वठली. तेव्हापासून खालच्या आळीत नऊ वेळा पाणी शिरले आहे. उन्हाळ्यात त्या सिमेंटवरून दुपारी चालवत नाही.

खळग्याचा काही दोष नव्हता. त्याने आठ वर्षे चोख काम केले. त्याचे तोंड मी बंद केले, तेही तो छान दिसावा म्हणून. हे मी एकोणीस वर्षे पोटात ठेवले. भीती वाटली म्हणून ठेवले, दुसरे कारण नाही. आधी नोकरीची भीती होती. नंतर ती मुलगी माझ्या कुशीत झोपायला लागली आणि मग तिची भीती वाटू लागली.

कलम ८. माझ्या भाचीच्या मनात या गवंड्याबद्दल राग आहे. तो तिने दहाव्या वर्षापासून जपला आहे. एकदा बाजारात ते समोर आले, तेव्हा पंधरा वर्षांची ही मुलगी सगळ्यांदेखत त्यांना म्हणाली, “माझ्या आईला तुम्ही मारलंत.” मी तिचा हात धरून उभी होते. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिले. मी टोमॅटो निवडत राहिले.

तो सगळा राग, व्याजासकट, यापुढे माझ्या नावावर करावा. गवंड्याचा त्याच्याशी काहीही संबंध नाही.

तिचा दुसरा राग त्या खळग्यावर आहे. नगरपालिकेतल्या नव्या इंजिनिअर मुलींनी सिमेंट फोडून तो पुन्हा करायचे ठरवले आहे, येत्या गुरुवारी सभेत निर्णय आहे. माझी भाची विरोध करणाऱ्यांच्या पुढे आहे. आईचा फोटो घेऊन ती दारोदार फिरली आणि दोनशे चाळीस सह्या आणल्या. त्यांच्या याद्या ती माझ्याच टेबलावर करत होती आणि मी तिला चहा करून देत होते. विरोध टिकला तर खालची आळी पुन्हा बुडेल आणि त्याचे कारण मी असेन. हे लिहायला बसले ते यासाठीच.

कलम ९. हा कागद पाकिटात बंद करून ठेवायचा, मी गेल्यावर भाचीने उघडायचा, असा माझा बेत होता. तरी गवंड्याला आधी सांगावे म्हणून मी रिक्षा करून त्यांच्या घरी गेले. ते अडुसष्ट वर्षांचे आहेत आणि लोकांच्या मोऱ्या दुरुस्त करतात. माझा कागद त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मला वाटले होते रागावतील. रागावले असते तर बरे झाले असते.

ते म्हणाले, “हे ती कधी वाचणार?”

“मी गेल्यावर.”

“म्हणजे तुम्ही सुटणार. आणि ती कुणाशी भांडणार, तुमच्या फोटोशी?” त्यांनी कागद घडी करून माझ्या हातात दिला. “एकोणीस वर्षं निदान मी तरी होतो तिला समोर. बाई, हे तुम्ही तोंडानं सांगा. नाहीतर माझं नाव यातून काढा, मला तुमची हत्यारंही नकोत.”

म्हणून त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात मी भाचीला हा कागद वाचून दाखवला. सहावे कलम संपले तेव्हा तिने विचारले, “फोटो चांगले आले होते का?”

मी हो म्हणाले. ते खरेच चांगले आले होते.

मग ती उठली, कागदाची नक्कल मागून घेतली, पिशवी भरली आणि दुकानावर राहायला गेली. त्याला आज चार दिवस झाले. मी तिला फोन केलेला नाही. कुठल्या तोंडाने करणार?

कलम १०. गुरुवारच्या सभेत सहावे आणि सातवे कलम मी स्वतः उभी राहून वाचणार आहे. डॉक्टरीणबाईंची परवानगी नाही. दम लागला तर खुर्ची मागेन. त्याआधीच काही बरेवाईट झाले तर ही दोन कलमे सभेत मोठ्याने वाचली जावीत आणि गवंड्याच्या चौकशीच्या कागदांना जोडावीत.

सह्या होण्याआधी जोडलेला मजकूर. आज सोमवार, सकाळचे दहा. वकिलांनी बजावले आहे की ज्याला या कागदातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, झाला तर त्याचा वाटा रद्द होतो. पहिली साक्ष डॉक्टरीणबाईंची ठरली होती, पण दुसरा साक्षीदार शोधताना माझ्या नाकी नऊ आले. ज्याला विचारावे त्याला मी काहीतरी देऊन बसलेली. शेजाऱ्याला विचारले तर तो पहारीसाठी अडून बसला. शेवटी डॉक्टरीणबाई आपल्या कंपाउंडरला बोलवायला निघाल्या, तर फाटकात माझी भाची उभी होती.

आत येऊन तिने सह्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. डोळे सुजलेले होते. ती म्हणाली, “मावशी, हे मी परत करायला जाणार आहे. दोनशे चाळीस दारं. प्रत्येक दारात कारण सांगावं लागणार. तुझं नाव घेऊन सांगणार.”

“सांग,” मी म्हटले.

“खळगा होऊ दे. ते आईसाठी. तुझ्यासाठी नाही.”

“बरं.”

“आणि साक्षीदार म्हणून सही मी करणार.”

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “अगं, मग तुला घर मिळणार नाही. वकील काय म्हणाले ते—”

“ते कळलं मला,” ती म्हणाली. “म्हणूनच करतेय.”

मी तिला दोनदा विचार करायला सांगितले. तिने पेन मागितले. वाद घालायचा अधिकार मी फार पूर्वी घालवला आहे. तेव्हा कलम दोनमध्ये मी बदल करते: घरसुद्धा मागच्या जागेबरोबर आळीला द्यावे, ते पाडून ती सगळी जागा एक करावी, आणि वरच्या आळीचे पाणी इथेच मुरवावे, म्हणजे खालचा नवा खळगा भरून वाहणार नाही. भाचीला माझ्याकडून काही मिळणार नाही.

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत मी सही करत आहे.

ठिकाण: वरच्या आळीतले घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: १४, सोमवार

लिहून देणार: (सही) निवृत्त उद्यान अधीक्षक

साक्षीदार पहिली: (सही) डॉक्टर. लिहून देणाऱ्याशी नाते: उपचार करणारी.

साक्षीदार दुसरी: (सही) शिलाई दुकान, दुसरा मजला. लिहून देणाऱ्याशी नाते: हा रकाना साक्षीदाराने कोरा ठेवला आहे.